लेम्पीचा अंगठा

आमच्या टॅमरॅक गावात एक गोष्ट अजून हळू आवाजात सांगितली जाते. न्हाव्याकडे, चर्चमधल्या कॉफीला आणि सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, वरच्या फळीवर. चौऱ्याहत्तरच्या हिवाळ्यात लेम्पी हार्यूने सेंट ऑल्बन कॉलेजच्या एका पोराचं डोकं गोठलेल्या माशाने फोडलं, रक्ताळलेल्या जर्स्यांखाली दडपून त्याला धुण्याच्या गाड्यातून बाहेर नेलं, आणि मासे धरायला गोठलेल्या सरोवरावर पाडलेल्या भोकातून खाली सोडून दिलं. मरता मरता त्याने तिचा डावा डोळा फोडला. पुरावे म्हणाल तर पैशाला पासरी. गाड्याबाहेर लोंबणारा हात मिसेस ट्रेझाइसने स्वतः पाहिला. मागच्या दारापासून बर्फात लाल थेंब होते. तो पोरगा परतीच्या बसमध्ये चढलाच नाही. आणि आमच्या कॉलेजची पोरं उभी राहत त्या टोकाला, गोलच्या मागे, बर्फावरच्या हॉकीच्या मैदानात एक गुलाबी डाग वसंतापर्यंत राहिला. बर्फ घोटायचं यंत्र मीच चालवायचो, रोज त्या डागावरून जायचो. तेव्हा डागाबद्दल मला कुणी शिकवू नये.

मिसेस ट्रेझाइसला चष्म्याशिवाय स्वतःचा नवरा ओळखू येत नसे, आणि चष्मा लावला की ओळखावासा वाटत नसे, हा भाग वेगळा.

लेम्पीबद्दल असं काही सांगितलं की लोक लगेच विश्वास ठेवत, याला कारणं होती. तिचा जन्म खाणवाल्यांच्या चाळीतला. बाप तांब्याच्या खाणीत होता, तीन भाऊ होते, आणि घरात जेवणाच्या टेबलावर जो हात आधी पुढे करील त्याला बटाटा मिळे. लेम्पीचा एक दात थोरल्या भावाने पाडला आणि थोरल्या भावाचे दोन तिने. लग्न झालं आर्व्हो हार्यूशी. दिसायला देखणा, प्यायला की जनावर. त्याने एकदाच तिच्यावर पट्टा उगारला. तिने त्याला सौनात ढकललं, बाहेरून कोयंडा अडकवला आणि चुलीत लाकडं भरत बसली. आर्व्हो बाहेर आला तेव्हा उकडलेल्या खेकड्यासारखा लाल होता आणि बायकोला 'अहो' म्हणायच्या बेतात होता. पुढे तो खाणीत दगडाखाली गेला, आणि लेम्पी आमच्या कॉलेजच्या धुणीघरात लागली.

धुणं म्हणजे हॉकीच्या संघाचं. आमच्या वेळचे खेळाडू डोक्यावर काही घालत नसत. दात खिशात ठेवून खेळायचे. शनिवारच्या सामन्यानंतर जर्स्या यायच्या त्या खाटकाच्या ॲप्रनसारख्या. लेम्पी त्या थंड पाण्यात बुडवायची. "रक्त थंड पाण्याने निघतं. गरम पाणी घातलंत की जन्माचं बसतं," असं ती नव्या पोरींना सांगे. एकदा जर्सीच्या बाहीत तिला कुणाचा तरी अर्धा दात सापडला होता. तो तिने धुऊन, वाळवून, मालकाला परत नेऊन दिला. "घे, नाव घालून ठेवत जा," म्हणाली.

पण तिचं खरं राज्य म्हणजे सामन्याच्या दिवशी पोरांचं दार.

कॉलेजच्या पोरांना सामना फुकट असे. प्रत्येकाला एक जाड कार्ड. दारात लेम्पी चिमट्याने त्याला भोक पाडी. बसायची जागा मात्र कुणाच्या नावावर नसे. पाहुण्या गोलरक्षकाच्या पाठीमागचं टोक, लाकडी पायऱ्या, खुर्ची नाही, उभं राहायचं. जो आधी आत जाईल तो जाळीला नाक लावून उभा राही आणि गोलरक्षकाच्या आईबद्दल त्याला हवी ती माहिती देई. म्हणून रांग लागे. सकाळपासून, बर्फात. रांगेतून पेस्टी, म्हणजे खिमा-बटाट्याची मोठी करंजी, खायला किंवा धार मारायला जायचं तर स्वतःची हॉकीची काठी बर्फात रोवून जायचं; काठी उभी तोवर जागा तुमची. दुसऱ्याची काठी उपटणाऱ्याचं काय होई ते एकदा मी पाहिलंय. त्याच काठीने झालं. त्या पोराचं कोपर पुन्हा सरळ झालं नाही.

आणि मासे. आपल्या संघाचा पहिला गोल झाला की टोकातून मैदानावर मासे फेकायचे, ही आमची रीत. का, ते विचारू नका. तुमच्या रीती तुम्हाला कुठे ठाऊक असतात? मासा सरोवरातला, गुळगुळीत, बुळबुळीत, तोंड मोठं आणि कामाचा शून्य. आम्ही त्याला वकील म्हणतो. हा वकील मऊच असला पाहिजे, हा नियम. आमच्या थंडीत मासा पाण्याबाहेर काढला की कुऱ्हाडीच्या दांड्यासारखा होतो; असा मासा गर्दीतून फेकला तर पुढच्याची कवटीच फुटायची. म्हणून पोरं रांगेत उभी असताना मासा शर्टाखाली, पोटाला लावून ठेवत. जो रांगेत इमानाने उभा राहिला त्याचा मासा दारापाशी येईस्तोवर मऊ होई. लेम्पी कार्डाला भोक पाडी, मग म्हणे, "काढ." पोरगा मासा काढी. ती पाठीच्या काट्याजवळ अंगठा दाबी. रुतला तर आत. नाही रुतला तर मासा शेगडीजवळच्या कोमट पाण्याच्या टबात आणि पोराच्या टाळक्यात एक.

मग पहिला गोल झाला की अख्खं टोक दाराकडे वळून एका आवाजात विचारी, "मावशी, मऊ का?"

लेम्पी दारातल्या खोक्यावर चढून अंगठा वर करी.

"मऊऽऽ!" छत हादरे. मग मासे.

हेच तिचं सगळं. घरी गेली की विझलेली चूल आणि आर्व्होचे बूट. इथे शेकडो पोरं तिच्या अंगठ्यासाठी थांबत. अंगठा वर जायच्या आधी एकही मासा सुटत नसे. त्या क्षणी तिचा चेहरा पाहायला मी मुद्दाम यंत्र बंद करून उभा राहायचो. आर्व्होने तरुणपणीसुद्धा तो चेहरा पाहिला नसेल.

त्या हिवाळ्यात ओहायोकडून नवे क्रीडाप्रमुख आले, स्लोनसाहेब. बूट चकचकीत, कान टोपीबाहेर; पहिल्याच आठवड्यात थंडीने एक कान काळा पडला. त्यांना पोरांचं टोक खुपायला लागलं. एका सामन्यात टोकातून आलेल्या बाटलीने पंचाचा गाल चिरला, पुढच्यात दोन पोरांनी जाळीवर चढून पाहुण्या गोलरक्षकाचे केस धरले आणि त्याने काठी उलटी फिरवून एकाची हनुवटी फोडली. शनिवारी दुपारी सेंट ऑल्बनशी सामना होता. सेंट ऑल्बन म्हणजे पुलापलीकडचं, वरच्या किनाऱ्याचं कॉलेज. त्यांचं आणि आमचं इतकं जुनं की मूळ भांडण कुणाला आठवत नाही, त्यामुळे ते मिटवताही येत नाही.

सकाळी स्लोनसाहेब दाराशी आले. मी तिथेच बिजागरीला तेल घालत होतो.

"लेम्पीबाई, आज त्या टोकातून रक्त बर्फावर आलं, तर ते टोक बंद. पायऱ्या उखडतो, खुर्च्या टाकतो आणि वर्षभराची तिकिटं विकतो. बँकवाल्यांनी, डॉक्टरांनी नावं दिलीयत."

"खुर्चीत बसून ओरडणार कोण?"

"बसलेली माणसं ओरडत नाहीत. म्हणून तर."

"आणि माझं दार?"

"दार कशाला? खुर्च्यांना नंबर असतात."

 लेम्पीने चिमट्याने रिकाम्या हवेत दोन भोकं पाडली. साहेब गेल्यावर मला म्हणाली, "हसतोस काय? त्या दुसऱ्या कानालाही थंडी दाखव म्हणावं." 

आता रॉडनी पास्को. टोकाचा पुढारी, ढोल त्याचा, पहिला मासा फेकायचा मान त्याचा. खांदे बैलाचे आणि अक्कल बैलाने शिल्लक ठेवलेली. रॉडनीच्या भाड्याच्या घरात राहणारी कॉलेजची चार पोरं तापाने पडली होती. त्यांची कार्डं त्याने शुक्रवारी सेंट ऑल्बनच्या चार पोरांना दिली, बिअरच्या एका पिंपाच्या बदल्यात. कार्डावर तेव्हा फोटो नसे. पिंप तर हवंच होतं. शिवाय शत्रू आपण होऊन आपल्या टोकात आला, तर त्याला मारायला बाहेर जावं लागत नाही, असा त्याचा हिशोब. आणि शनिवारी सकाळी हा शहाणा स्वतः रांगेत काठी रोवून, काठीशेजारी मासाही रोवून ते पिंप फोडायला गेला. काठी उभी राहिली, जागाही राहिली. मासा मात्र लोखंड झाला.

दार उघडलं. लेम्पीने त्याचा मासा हातात घेतला आणि खोक्यावर आपटला. ठण्ण!

"हा मासा आहे की कुदळीचा दांडा?"

"मावशी, मला मान आहे पहिला मासा फेकायचा!"

"मान आहे, मासा नाही. टबात टाक. मधल्या सुट्टीत बघू."

"मावशी, साहेबाच्या खुर्च्यांपेक्षा तुझा अंगठा बरा, आत तरी जाऊ देतेस," मागून कुणीतरी स्लोनसाहेबांच्या नावाने ओरडलं, आणि रांग हसली. रॉडनी दातओठ खात आत गेला.

त्याच्या मागे थोड्या अंतराने एक काटकुळा पोरगा आला. कोट गळ्यापर्यंत बंद. कार्ड दिलं. लेम्पी म्हणाली, "काढ." त्याने कागदात गुंडाळलेला मासा काढला. दुकानातला, साफ केलेला, शीर उडवलेला.

"याचं डोकं कुठंय रे?"

पोरगा क्षणभर गडबडला. मग म्हणाला, "घरीच राहिलं, मावशी. परीक्षा आहे त्याची."

लेम्पी हसली. ती दारात सहसा हसत नसे. टॅमरॅकचा कुठलाही पोरगा विकतचा मासा आणणार नाही, हे तिला कळत नव्हतं असं नाही. पण हसलेल्या बाईने भोक पाडलं आणि तो आत गेला. त्याच्यामागे तिघे. त्या पोराचं नाव जेरल्ड फॉस.

पहिल्या पाळीतच आमचा गोल झाला. टोक वळलं. "मावशी, मऊ का?" अंगठा वर. "मऊऽऽ!" वकिलांचा पाऊस पडला. आणि त्या गोंधळात जेरल्ड आणि त्याच्या तिघांनी कोट उघडले. आत सेंट ऑल्बनचे पिवळे शर्ट. पोरं तरुण होती, पिऊन होती. शत्रूच्या पोटात उभं राहून त्यांनी आपल्या कॉलेजचं गाणं म्हणायला सुरुवात केली.

गाण्याची दुसरी ओळ कुणी ऐकली नाही. रॉडनीने ढोलाची टिपरी पहिल्याच्या तोंडात मारली. दात बर्फावर गारांसारखे उडाले. दुसऱ्याला पायऱ्यांवरून केसांना धरून खाली ओढलं, त्याचं डोकं प्रत्येक पायरीला लागत होतं आणि पोरं पायऱ्या मोजत होती. तिसऱ्याने कमरेचा पट्टा काढून बकल फिरवलं, आमच्या एकाचा कान फाटून लोंबला. मग तो पट्टा त्याच्याच गळ्यात आला. गोलरक्षक खेळ सोडून जाळीपाशी आला आणि जाळीच्या भोकांतून काठी खुपसायला लागला, सापडेल त्याच्या बरगडीत. ओरडणं असं की माणसाचं वाटेना. मी मैदानाच्या पलीकडच्या दारात यंत्रावर बसलो होतो. मला पाठी दिसत होत्या आणि वरखाली होणाऱ्या मुठी.

लेम्पी दार सोडून आत घुसली. धुणी पिळून कमावलेले तिचे दंड तुम्ही पाहिले नाहीत. पहिला पोरगा तिने मानेला धरून मागे फेकला, दुसऱ्याच्या नाकावर कोपर, तिसऱ्याच्या नडगीत बूट. "बाहेर काढा यांना! जिवंत काढा! रक्त नको बर्फावर, गाढवांनो, रक्त नको!" पण कोण ऐकतंय? तिघे पिवळे कसेबसे दाराकडे रांगत सुटले. चौथा, जेरल्ड, जाळीशी कोपऱ्यात सापडला होता. चार जण त्याला लाथांनी तुडवत होते. लेम्पी त्या चौघांत शिरली.

तेवढ्यात रॉडनी दाराकडून धावत आला. दारात कुणी नव्हतं आणि टबाजवळही कुणी नव्हतं. त्याच्या हातात त्याचा मासा होता, शेपटीने धरलेला.

मला तो मासा गर्दीच्या वर गेलेला दिसला. मग खाली आला. आवाज झाला तो ओल्या लाकडावर घण बसावा तसा. मासा त्याच्या हातातून सुटून जाळीखालच्या फटीतून, मैदानाच्या कडेच्या फळीवरून बर्फावर घसरत आला. त्याच्या मागून रक्त. फळीवरून ओघळत, चांगलं बादलीभर वाटावं इतकं.

पंचाने शिट्टी फुंकली. सगळं गप्प झालं. स्लोनसाहेब आपल्या चकचकीत बुटांनी बर्फावरून घसरत, सावरत टोकापाशी पोचले. फळीच्या पलीकडे लेम्पी उभी होती. लोकरीची टोपी डाव्या भुवईच्या खाली ओढलेली, दोन्ही हात फळीवर घट्ट.

साहेबांनी रक्ताकडे पाहिलं. "हे कुणाचं?"

"माशाचं," लेम्पी म्हणाली.

"एवढं?"

"मोठा मासा आहे."

"माझी फसवणूक करताय, लेम्पीबाई?"

"मी दाबलाय तो मासा. दारात. माझ्या अंगठ्याने."

पायऱ्यांवर मागे असलेल्या पोरांना पुढचं काही दिसत नव्हतं. त्यांना इतकंच दिसलं की साहेब आणि मावशी माशावरून बोलतायत. मागून एकाने सुरू केलं, मग दहा जणांनी, मग अख्ख्या टोकाने, पाय आपटत: "मावशी, मऊ का? मावशी, मऊ का?"

लेम्पीने फळीवरचा उजवा हात सोडला. ती किंचित हलली. मग अंगठा वर केला.

"मऊऽऽऽ!"

साहेबांनी वाकून माशाच्या पोटात एक बोट खुपसलं. कोमट टबात राहिल्याने वरून कातडी मऊ झाली होती. बोट नखभर रुतलं. त्यांनी बोट रुमालाला पुसलं आणि म्हणाले, "किळसवाणे लोक आहात." आणि गेले. मैदान साफ करायला मला खूण केली. मी मासा उचलला, बर्फ खरवडला, पाणी सोडलं. रक्त खोल गेलेलं. वर नवं पाणी गोठलं आणि ते आत राहिलं. खेळ सुरू झाला. आम्ही पाच-दोनने जिंकलो, दवाखान्यात गेलेले न मोजता.

दुसऱ्या पाळीला दारात लेम्पी नव्हती. उन्हं कलताना मिसेस ट्रेझाइस मागच्या रस्त्याने कुत्रं फिरवत होती. तिला धुण्याचा गाडा दिसला, गाड्यातून लोंबणारा हात दिसला, गाडा ढकलणारं माणूस दिसलं. गाडा कोण ढकलतं? लेम्पी ढकलते. म्हणजे ती लेम्पीच. हात मग कुणाचा? संध्याकाळी बातमी आली की सेंट ऑल्बनचा एक पोरगा बसमध्ये नाही. कुणी शेरिफकडे गेलं नाही. सेंट ऑल्बनचा एक पोरगा कमी झाला तर टॅमरॅकमध्ये तक्रार कोण करणार?

लेम्पी काही आठवड्यांनी परतली ती डाव्या डोळ्यावर पट्टी बांधून. पुढे तिथे काचेचा डोळा आला, खऱ्यापेक्षा जरा निळा. "छपरावरून बर्फाचा सुळका पडला," एवढंच म्हणाली. सुळक्यावर कोण विश्वास ठेवतो, जेव्हा मेलेला पोरगा हाताशी आहे? पोरं रांगेत कुजबुजत. एखादा धीट विचारी, "मावशी, खरंच मारलंस का त्याला?"

"मासा काढ," ती म्हणे. "नाहीतर तुलाही कळेल."

त्यानंतर पोरांच्या टोकात मारामारी झाली नाही असं नाही. पण लेम्पी खोक्यावरून खाली उतरली की मुठी आपोआप खिशात जात. खुनी बाईचं दार होतं ते. पायऱ्या तशाच राहिल्या. स्लोनसाहेब दोन हिवाळ्यांत दुसराही कान गमावून ओहायोला परत गेले. बँकवाल्यांना खुर्च्या मिळाल्या नाहीत. आणि लेम्पी हात चालेपर्यंत त्या दारात उभी राहिली. रॉडनी पास्को शिकला, चक्क वकील झाला, गावात मोठं घर बांधलं; पण पोरांच्या दाराने तो पुन्हा कधी आत आला नाही. रस्त्यात लेम्पी दिसली की तो पलीकडच्या कडेला जाई. लोक म्हणत, त्याने खून पाहिलाय ना, म्हणून.

मागच्या मार्चमध्ये लेम्पीला पुरलं. जमीन इतकी कडक की खड्ड्याला यंत्र लावावं लागलं. ती असती तर अंगठा दाबून 'नाही' म्हणाली असती. चर्चमध्ये मागच्या बाकावर एक परका म्हातारा बसला होता. काटकुळा, नाक एका बाजूला बसलेलं. कॉफीला मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो. न विचारता राहणं माझ्या स्वभावात नाही. तो जन्मभर खनिजाच्या जहाजांवर आचारी होता. कॉलेज त्याने त्या हिवाळ्यातच सोडलं होतं. त्याने नाव सांगितलं. जेरल्ड फॉस.

मग त्याने सगळं सांगितलं. मासा रॉडनीने मारला. तो जेरल्डच्या डोक्यावर बसायचा होता, लेम्पी मध्ये आली. तिचा डोळा तिथेच गेला. बर्फावरचं रक्त तिचं होतं. साहेब पाठ फिरवून गेल्यावर ती पडली, तेव्हा सगळं टोक मैदानाकडे बघत ओरडत होतं. जेरल्डने तिला धुण्याच्या गाड्यात घातलं, धुणीघराच्या व्हॅनमधून पुलापलीकडच्या इस्पितळात नेलं आणि तिथेच बसून राहिला, म्हणून त्याची बस चुकली. गाड्यात लेम्पी होती. ढकलणारा जेरल्ड होता.